मागीलदारचा वारा

मागच्या दाराची कडी अजून तीच आहे. लोखंडी, लांब, टोकाशी जराशी वाकलेली. ती नुसती ओढून निघत नाही. आधी दार गुडघ्याने आत दाबायचं आणि मग कडी उचलायची. इतक्या वर्षांनी तिच्यावर हात ठेवला तर गुडघा आपोआप पुढे झाला. डोकं विसरलं होतं, गुडघा विसरला नव्हता. बाकी कुठल्याच कामाचे माझे गुडघे राहिलेले नाहीत, एवढं एक मात्र त्यांना अजून येतं.

हे घर आमचं नाही. तेव्हाही नव्हतं. कट्टा गावाहून मालवणच्या वाटेला लागलं की एक वाडी आहे, तिथलं हे भाड्याचं घर. बाबा गुरांचे सरकारी डॉक्टर. सोलापुराकडून त्यांची इकडे बदली झाली, ट्रंका आणि वळकट्या घेऊन आम्ही या खळ्यात, म्हणजे अंगणात, उतरलो, आणि माझं सगळं लहानपण संपेपर्यंत इथेच राहिलो. आता बाबा नाहीत. आई पंच्याऐंशीच्या घरात आहे. मधली काही वर्षं ती पुण्याला सुधीरकडे, म्हणजे माझ्या धाकट्या भावाकडे, नवव्या मजल्यावर होती. काचा बंद, पडदे बंद, भिंतीवर गार हवेचं यंत्र. तक्रार तिने कधी केली नाही, फक्त गेल्या दिवाळीपासून एकच धोशा लावला, "मला कट्ट्याच्या घरी जायचंय." सुधीर म्हणाला, ते आपलं घर नाही. ती म्हणाली, "मी कुठे म्हणतेय आपलं आहे? जायचंय एवढंच म्हणतेय."

मी नोकरीतून नुकतीच सुटले होते. मालकांच्या मुलाला, बबनला, फोन केला. लहानपणी तो माझ्यापेक्षा वर्षभराने लहान आणि माझ्यापेक्षा फार वाह्यात होता. तो म्हणाला, "घर रिकामाच पडला हा. काकीक घेवन ये. भाड्याचा काय ता मगे बघूया." शिमग्याच्या सुमाराला आम्ही दोघी आलो.

पहिले दिवस मी घराचा वासच घेत होते. माजघरात दुपारचासुद्धा असणारा अंधार, आणि त्या अंधाराला येणारा जुन्या लाकडाचा, भाताच्या कोंड्याचा वास. न्हाणीतल्या चुलीची धग आणि तिच्यात सारलेल्या माडाच्या झावळ्यांच्या, चुडतांच्या देठांचा धूर. पडवीच्या कठड्यावर वाळत घातलेल्या आमसुलांचा आंबूस दरवळ. तेव्हा एप्रिल लागला की बोटं कोकमाने लाल व्हायची आणि शाळेतल्या पाट्यांवरसुद्धा ते डाग पडायचे. आई सकाळी सारवायची, आणि सारवण वाळेपर्यंत आम्हाला पडवीच्या दगडी पायरीवर बसवून ठेवायची. त्या पायरीचा गारवा चड्डीतून वर यायचा. दुपारी पेज, तिच्यात मीठ, बाजूला खारातल्या कैरीची फोड. मग सगळं घर आडवं व्हायचं, आणि कौलांच्या फटीतून आलेलं उन्हाचं एक नाणं जमिनीवरून हळूहळू सरकायचं. ते भिंतीला टेकलं की चहाची वेळ.

या वेळी मी त्या नाण्याची वाट पाहिली, पण ते आलं नाही. वर कौलंच नव्हती. बबनने ती उतरवून पत्रा घातला होता, निळा, चकचकीत. "वांदर कौलां फोडतत," तो म्हणाला. "वर्साक दोनदा परतूची लागतत. परतूक माणूस खंय गावता आता? पत्रो घातलंय आणि मोकळो झालंय." त्याचं काही चुकत होतं असं नाही. रिकाम्या घराला गळती नको, एवढंच त्याला पाहायचं होतं. आम्ही येऊन राहू हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

चैत्र कसाबसा गेला. वैशाख लागला आणि पत्र्याने आपले गुण दाखवले. सकाळचं ऊन चढलं की तो टक् टक् वाजायला लागायचा, आणि दुपारी माजघरात उभं राहिलं की टाळूवर कुणीतरी तापलेला हात ठेवल्यासारखं वाटायचं. पंखा तीच गरम हवा वरून खाली आणायचा. आईने आधी दुपारचं जेवण सोडलं, मग रात्रीचं. मग बोलणं कमी झालं. कट्ट्याचे डॉक्टर घरी येऊन बघून गेले. चांगला माणूस. त्यांनी बाहेर पडवीत येऊन हळूच सांगितलं, "या वयात उकाडा फार वाईट. खोली गार ठेवा, नाहीतर इथून हलवा." हे मी सुधीरला सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. त्याने फोनवर लगेच मोठ्याने जाहीर केलं, "रविवारी गाडी घेऊन येतो. ती आता परत तिकडे जाणार नाही. झाली हौस."

आईने ते ऐकलं. ती भिंतीकडे तोंड करून वळली. तिच्या पाठीकडे बघताना मला कळलं की ही गाडी तिला पुण्याला नेईल, आणि मग ती कशाचाही धोशा लावणार नाही.

गार हवेचं यंत्र बसवावं तर घराची वायरिंग दाजींच्या काळातली. दाजी म्हणजे बबनचे वडील, आमचे जुने मालक. एक मिक्सर लावला तरी दिवा मान टाकतो. शिवाय पत्र्याखालची एवढी हवा गार करायची म्हणजे विजेच्या बिलाने माझी पेन्शनच आडवी झाली असती. मी विचार केला आणि मालवणला जाऊन मोठा पाण्याचा कूलर घेऊन आले. सोलापूरच्या माझ्या सगळ्या आत्यांकडे कूलर असतात. उन्हाळा तिथला, उतारा तिथला. माजघरात ठेवायला जागा एकच होती, मागीलदारी, दाराला पाठ लावून. मी तो तिथे उभा केला, दार बंद केलं, पाणी भरलं, बटण दाबलं. घरभर ओल्या गवताचा वास सुटला आणि तो वास नाकात शिरताच मी पार लहानपणात जाऊन पडले.

बाबांनी आमच्या पहिल्याच उन्हाळ्यात वाळ्याचे पडदे आणवले होते, सोलापूरहून, एस्.टी.च्या टपावर टाकून. माजघराच्या दोन्ही खिडक्यांना ते बांधले, आणि दर तासाला त्यांच्यावर तांब्याने पाणी मारायचं काम मला दिलं. काय सुंदर वास होता तो. ओल्या मुळांचा, मातीचा, थोडा अत्तराचा. मी पडद्याला नाक लावून उभी राहायची. बाबा आरामखुर्चीत बसून आईला म्हणायचे, "बघ, आता कसं महाबळेश्वर करतो." दोन दिवसांत महाबळेश्वरातल्या मिठाचं पाणी झालं. पापड मऊ पडले. काडेपेटीतल्या काड्या ओढून ओढून संपल्या पण चूल पेटेना. सुधीरच्या पाठीवर घामोळ्यांची रांगोळी उठली. अंगाला कपडे असे चिकटायचे की काढताना सोलून काढल्यासारखे वाटायचे. तरी बाबा पाणी मारतच होते, कारण सोलापुरात हे चालायचं.

मग एका संध्याकाळी दाजी आले. उंच, काळेसावळे, कमरेला पंचा, खांद्यावर दुसरा. त्यांनी दारातच नाक वर करून वास घेतला आणि पडद्यांकडे बघून एवढं हसले की त्यांना खाली बसावं लागलं.

"डाक्टरांनू, हय हवेतच पाणी आसा. तुमी आनी कित्याक घालतात?"

"मग करायचं काय?" बाबा चिडून म्हणाले.

"हय पाणी नको. हय वारो व्हयो."

बाबांना राग आला होता, पण घामोळंही त्यांनाच जास्त आलं होतं. पडदे उतरले. त्यांची मुळं आईने सोडवून धुतली, वाळवली आणि जुडी जुडी करून माठात टाकायला ठेवली. पुढे कित्येक उन्हाळे आम्ही त्या महाबळेश्वराचं पाणी प्यायलो.

वारा कसा असतो हे दाजींनी आम्हाला दाखवलं. घराचं पुढचं दार पश्चिमेला, मागचं पूर्वेला, समोरासमोर. दुपार कलली की समुद्राकडून खारा वारा निघतो. तो पुढून येतो आणि मागून जातो, आणि मागून जायला वाट नसेल तर तो पुढून येतही नाही. पहाटेचं उलटं. तेव्हा डोंगराकडून मतलई वारा खाली उतरतो, मागीलदारातून शिरतो आणि खळ्यातून समुद्राकडे निघून जातो. आणि खळं तापू नये म्हणून दिवाळीनंतर त्यावर माटव, झावळ्यांचा मांडव. माडाची चुडतं बावीजवळच्या, म्हणजे विहिरीजवळच्या, दगडी डोणीत भिजत घालायची, मऊ झाली की त्यांचे झाप विणायचे, आणि पोफळीच्या खांबांवर ते टाकून सगळ्या अंगणाला सावली करायची. पावसाच्या तोंडावर तो माटव काढायचा, पुढल्या वर्षी पुन्हा घालायचा. आईने झाप विणायला शिकून घेतलं. सोलापूरची डाक्टरीण खळ्यात मांडी घालून झाप विणते हे बघायला वाडीतल्या बायका काम नसताना यायच्या.

माटव उभा राहिला की दाजी त्याच्या मेढीशी, खांबाच्या पायाशी, नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचे. घराच्या जागेचा एक राखणदार असतो, तो जागेवाला. त्याच्या कानावर सगळं घातलं पाहिजे. दाजींचा आवाज खणखणीत लागायचा. "बा देवा जागेवाल्या म्हाराजा..." आणि आम्ही सगळे त्यामागे "व्हय म्हाराजा" म्हणायचो. पिकाचं झालं, गुरांचं झालं, पोरांचं झालं की आमची पाळी यायची. "परमुलखातसून इलेली ही डाक्टराची पाव्हणी मंडळी तुझ्या आसऱ्याक रवली आसत, तेंका सांभाळ म्हाराजा..." दरवर्षी हेच शब्द. आई हात जोडून "व्हय म्हाराजा" म्हणायची आणि घरात आली की पदर झटकून बोलायची, "पाव्हणी म्हणे. पाव्हणे कधी भाडं देतात का?" बाबा हसायचे, पण तिला ते कुठेतरी लागायचं. आम्ही इथून निघालो त्या वर्षीसुद्धा ती पाव्हणीच होती.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरीही मी कूलर आणला. आई भिंतीकडे तोंड करून पडलेली, अंगावरचं पातळ पाठीला चिकटलेलं, आणि मी मागचं दार बंद करून त्याला टेकवलेल्या यंत्रात बादल्या ओतत होते. शुक्रवारपर्यंत डब्यातलं मीठ ओलं झालं होतं. ते बघूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

प्रकाश गेल्यावर पडला. शुक्रवारी दुपारी वीज गेली. कूलर घरघर करत थांबला, आणि इतकी शांतता झाली की बावीच्या रहाटावर बसलेल्या कावळ्याच्या नख्यांचा आवाज आला.

"बरं झालं," आई म्हणाली. "तो रेडा एकदाचा गप्प बसला."

दोन दिवसांत ती एवढं बोलली नव्हती. मी जवळ गेले. ती उताणी झाली, कूलरकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"खाण तशी माती," ती म्हणाली. "त्यांनी वाळा आणला, तू हे आणलंस. अगं, मागचं दार उघड."

मी कूलर ओढला. त्याच्या पोटातलं पाणी जमिनीवर सांडलं. मग गुडघा लावला, कडी उचलली. दार उघडलं आणि पुढल्या दारातून खारा वारा असा सरळ आत आला की देवासमोरच्या निरांजनाची वात झुकली. आईने पातळाचा पदर अंगावरून सैल केला आणि वाऱ्यासमोर हात पालथे ठेवले.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "बबनला हाक मार."

बबन आला. आई भिंतीला टेकून बसली होती. तिचा आवाज बारीक होता, पण बोलणं थेट तेव्हाचं, वाडीतलं. पुण्यात मी ते तिच्या तोंडून एकदाही ऐकलं नव्हतं.

"बबन, माटव खंय?"

"काकी, माटव आता कोण घालता? पुढल्या वर्साक खळ्यावर पत्र्याची शेडच मारतलंय."

"आनी एक पत्रो? वरसून भाजतंस, आता फुडसूनय भाज माका."

बबनने डोकं खाजवलं. "तसा न्हय गो काकी. पण आता वैशाख अर्धो सरलो. मिरग इलो की काढूकच लागतलो."

"मगे काढ. तवसर तरी बसतंय सावळेत. आनी पत्र्यावरय झाप घाल. तुझे माड काय माकडांसाठी वाढयलंस?"

बबन माझ्याकडे बघून म्हणाला, "तुझी आवस आजारी आसा म्हणान कोण सांगता?" मला हसू आलं आणि त्याच्याबरोबर डोळ्यांत पाणीही आलं. मी ते पुसलं नाही.

त्याच संध्याकाळी त्याने वाळकी, पडलेली चुडतं ओढून आणली आणि रात्रभर डोणीत भिजत घातली. शनिवारी सकाळी आईला मी धरून पडवीत आणून बसवलं. तिच्यापुढे एक चुडत ठेवलं. तिने एक पाती उचलली, दुसरी तिच्याखालून घातली, आणि मग तिची बोटं आपसूक चालू लागली. ओल्या चुडतांचा तो हिरवट, जरासा आंबलेला वास पडवीभर झाला. मी विणलेला झाप तिने उलटसुलट करून बघितला आणि बाजूला ठेवला. "हा खाली अंथरायला बरा आहे," म्हणाली. मधेच तिने पेज मागितली. मागितली, हे मी दोनदा मनाशी म्हणून पाहिलं. पेजेबरोबर कैरीची फोडही चोखली, कोय टाकून द्यायला तयार नव्हती.

बबन आणि त्याचा चुलतभाऊ पत्र्यावर चढले. झाप पसरले, सुंभाने बांधले. निळा रंग हळूहळू झाकला गेला. दुपारची वेळ आली आणि मी कान देऊन बसले, पण पत्रा वाजलाच नाही. संध्याकाळपर्यंत खळ्यातला माटवही उभा राहिला, जुन्याच्या निम्म्यानेच, पण दार झाकेल एवढा. चारी मेढी थोड्या वाकड्या होत्या. आईने ते बघितलं आणि सोडून दिलं.

"नारळ आण," ती बबनला म्हणाली.

"काकी, गाऱ्हाना माका नीट येणा नाय. बापाशीक येय होता."

"येता तसा घाल. तो काय परीक्षा घेवक बसलो हा?"

बबनने मेढीशी नारळ ठेवला, टोपी घातली, हात जोडले. मी आईला धरून उभी होते. "बा देवा जागेवाल्या म्हाराजा..." त्याचा आवाज दाजींचाच होता, फक्त घाबरलेला.

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हणालो.

"माझ्या बापाशीसारख्या माका येणा नाय, ता पदरात घे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

"ह्या घरावर मी पत्रो घातलंय, ता चुकला असात तर माफी कर म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," आई मोठ्याने म्हणाली. बबनचा भाऊ तोंड फिरवून हसला.

मग बबन अडखळला. पुढे आमची पाळी होती, आणि दाजींचे शब्द मला पाठ होते. परमुलखातसून इलेली. आईचा हात माझ्या मनगटावर होता, तो जरा घट्ट झाला. बबनने तिच्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा नारळाकडे.

"आणि ही आमची काकी," तो म्हणाला, "आपल्या घराक परत इली हा. तिका हयसरच सुखान रवांदे म्हाराजा..."

मी म्हणायचं विसरून त्याच्याकडे बघतच राहिले. मग आईच म्हणाली, अगदी हळू, "व्हय म्हाराजा." घरात आल्यावर तिने पदर झटकला नाही. तो डोळ्यांना लावला आणि मला म्हणाली, "बबनला चहा दे आधी."

त्या रात्री दोन्ही दारं उघडी ठेवून आम्ही माजघरात झोपलो. तेव्हाही असंच असायचं. पहाटे मतलई सुटली की आई उठायची, आणि अंधारातच आमच्या पायांवर गोधडी ओढत जायची, आधी सुधीर, मग मी. अर्धवट झोपेत तिच्या बांगड्या वाजलेल्या कळायच्या. आज मला जाग आली ती पायांनीच. मागीलदारातून वारा येत होता. त्याला दवाचा, काजूच्या सुकल्या पानांचा, कुणाच्या तरी न्हाणीतल्या धुराचा वास होता. बाहेर जरा फटफटलं होतं. आई मुटकुळं करून निजली होती.

"दार लावून घेऊ का?" मी विचारलं.

"नको," ती डोळे न उघडता म्हणाली. "दार असू दे. पायांवर घाल काहीतरी."

मी ट्रंकेतून गोधडी काढली आणि तिच्या पायांवर ओढली. माझ्या हातात बांगड्या नाहीत, त्यामुळे आवाज झाला नाही. मग पडवीत जाऊन मी सुधीरला फोन लावला. तो निघायच्या तयारीतच होता, गाडीची किल्ली वाजत होती. आई कशी आहे, असं त्याने भीत भीत विचारलं.

"ये," मी म्हणाले. "पण न्यायला नको, राहायला ये. आणि येताना तिची शाल आण. गार लागतंय तिला."